चाफ्याच्या खड्ड्यातलं मीठ

(बहारीनमधल्या मनामा शहरातल्या एका बंगल्याचं फरसबंदी अंगण. मधोमध मोकळ्या ठेवलेल्या चौकोनात कमरेएवढा चाफा. फरशीवाला इक्बाल कडेच्या फरशा बसवतोय. माळी रहिमतुल्ला असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज पढून परत आलाय.)

रहिमतुल्ला: ...आणि मी येईस्तोवर मातीपण लोटून टाकलीस? जरा दम धरवत नाय तुला.

इक्बाल: कसा धरवेल, चाचा? कंपनीचा बेनेडिक्ट सायेब पाचला येणार. काम पसंत पडलं तरच पासपोर्ट हातात देणार. आज रात्रीचं विमान, परवा शुक्रवारी, जुम्याला, माझ्या पोरीचा, शाजियाचा निकाह.

रहिमतुल्ला: ठाऊक हाय. आठ दिवस हेच ऐकतोय. ती रिकामी पिशवी कसली?

इक्बाल: जाड्या मिठाची.

रहिमतुल्ला: आणि मीठ?

इक्बाल: खड्ड्यात घातलं की. आमच्या हर्णैला माड लावताना आय मिठाबिगर माती लोटू देत नसे. म्हटलं, आधीची दोन झाडं मेली, हे तरी जगू दे.

रहिमतुल्ला: या अल्ला! अरे, तो माड, हा चाफा! आणि ही काय हर्णैची जमीन? इथं खणशील तिथं खार. म्हणून तर तिकडं बुदय्या गावच्या बागेतनं गोड्या मातीच्या गोण्या वाहिल्या ना मी! पाणी दिलंस?

इक्बाल: दोन बालद्या.

रहिमतुल्ला: मग खलास. मुळाशी पोचलं. सगळी माती उपसून नवी भरायला हवी.

इक्बाल: खड्डा या फरशांच्या खालपर्यंत गेलाय, त्या उखडाव्या लागतील. मग आज काम पुरं होत नाय, चाचा. सव्वाचार झालेत.

रहिमतुल्ला: पुढचं विमान?

इक्बाल: रविवारी. पाच वर्षं बघितली नाय मी तिला. परवा फोटो आला, तर बायकोला फोनवर विचारलं, ही कोण? लाज वाटली हो.

रहिमतुल्ला: मग विचार कसला करतोस? बसव फरशी.

इक्बाल: आणि तुमचं? तिसरं झाड मेलं तर माळीच बदलणार, असं सायेब बोललाय. तुमचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय.

रहिमतुल्ला: मरायला कशाला देतोय? उद्या उपसतो मी.

इक्बाल: या कमरेनं? आणि सायेब विचारणार नाय, कालच्या फरशा आज का उखडल्या?

रहिमतुल्ला: विचारू दे. थकलो रे मी. वीस उन्हाळे झाले, दर वेळी हात जोडून व्हिसा मागायचा. यंदा नाय दिला तर नाय दिला. ती फरशी तिरकी बसतेय बघ.

इक्बाल: मी सायबाला खरं सांगून टाकतो.

रहिमतुल्ला: पासपोर्ट हातात यायच्या आधी? अक्कल गहाण टाकलीस काय? गप ऱ्हा. पोरीच्या निकाहाला बाप पायजे.

इक्बाल: मग उद्या तुम्ही काय सांगणार?

रहिमतुल्ला: सांगेन, सायेब, म्हातारा झालो. खत कुठलं नि मीठ कुठलं, आता डोळ्यांना कळत नाय.