वाढलेली दाढी

दवाखान्याच्या लिफ्टसमोर शिंपीणबाई डबा घेऊन ताटकळली होती. तिचा जीव वरच्या मजल्यावर अडकलेला, आणि पुढचे दीर-भावजय काही हलेनात.

"चला भाऊजी, लिफ्ट आली."

"जाऊ दे ही. वहिनी, या जन्मी आम्हा भावांचं नाही जमलं. पुढच्या जन्मी बघू."

"तुम्हाला असेल पुढचा. आम्हा ख्रिस्ती माणसांना एकच. जे काय मिटवायचं ते इथंच."

"भर गिऱ्हाइकांसमोर मला सलूनमधून हाकललं त्यानं. आता कर्माची फळं भोगतोय."

"ज्याच्या त्याच्या कर्मानंच मिळायला लागलं, तर माझी तरी धडगत आहे का? देव माफ करतो, म्हणून तर रोज त्याच्यापुढं गुडघे टेकते."

"मग केलं ना देवानं माफ? माझं काय काम?"

"दाढीचं. तुमच्या भावाची केवढी वाढलीय! या पिशवीत सगळं सामान आणलंय. जन्मभर लोकांच्या केल्या, पण स्वतःच्या गालाला कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, हलका हात फक्त धाकट्याचा."

"असं म्हणाला?"

"भाऊजी, ही पण लिफ्ट चालली."

मिटत्या दारात शिंपीणबाईनं पाय घातला.

"आणा ती पिशवी इकडं, वहिनी. ब्लेड कोरं आहे ना?"