आदल्या दिवशीची खिचडी

हॅलो?… कोण, कालिंदी? बोल. आज बरी नणंदेची आठवण झाली!… उद्या सकाळी नऊला गंगाधरची कोलोनोस्कोपी आहे, लक्षात आहे ना?… हो, हो… मग? खाल्लं का त्याने काही?

काय?… साबुदाण्याची खिचडी?… आज?… कूट घालून?

अगं बाई! डोकं ठिकाणावर आहे का तुझं? उद्या त्याच्या आतड्यात कॅमेरा घालायचाय. आतडं कसं लख्ख हवं! आणि तू त्यात दाण्याचं कूट भरतेस?… मध्ये बोलू नकोस. वर काय दिलंस?… डाळिंब! घ्या! बियांसकट… आणि कोकम सरबत? लालभडक? रक्त कुठलं न् कोकम कुठलं, डॉक्टरने काय चाटून बघायचं?

अगं ऐक ना… नाही, तू ऐक. दीड महिना थांबून तारीख मिळालीय. दोन महिने रक्त पडतंय त्याला, सात किलो उतरलाय. तुझे सासरे, आमचे अण्णा, याच दुखण्याने गेले, बावन्नाव्या वर्षी. आज तपासू, उद्या तपासू करत बसले. आणि तुझ्या नवऱ्याला एकावन्न पूर्ण झाली. कळतंय का काही?

रडू नकोस. रडून काय खिचडी परत येणारेय?

हिंदमाताला एक साडी घ्यायची तर दहा दुकानं पालथी घालतेस, पदर उलटासुलटा करून बघतेस. नवऱ्याच्या ताटात काय वाढतोय ते नाही बघता आलं?… म्हणून तर पथ्याचा कागद तुझ्याकडे दिला नाही मी. हॉस्पिटलातल्या त्या मुलीने पुढे केला आणि मीच पर्समध्ये टाकला. तुझ्या हाती लागला असता तर त्याच्यावर चकल्या पाडल्या असत्यास.

काय?… कागदाचंच काय?… थांब, थांब. वाचूनच दाखवते, अक्षर न् अक्षर. मग म्हण, कांताताई, चुकलं माझं. तीस वर्षं सरकारी फायली वाचल्यात मी, मला नको शिकवूस… थांब, पर्स घेते… चष्मा… हं, हे पाकीट…

…

आहे. लाइनवर आहे गं.

पिन आहे याला… नाही, मी नाही मारली. त्यांनीच मारलेली. तशीच आहे.

मी?… मी काय सांगितलं?… रविवारी?… 'एकादशीला ठेवतेस तसं ठेव त्याला'… असं म्हणाले मी?

हं. म्हणाले असेन… हो, एकादशीला खिचडीच असते आपल्याकडे. आईचीच रीत ती. मीच शिकवली तुला, लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात… हो, डाळिंबासकट.

काय? स्पीकरवर आहे?… गंगा?… सगळं ऐकलंस तू?… तसं नाही रे. तिला उगाच बोलले… उघडलाच नाही मी कागद. भीती वाटली मला. अण्णांचा रिपोर्ट मीच आणला होता ना, अशाच पाकिटातून. तेव्हापासून हात नाही होत बघ… आणि तोंड मात्र चालतं, हो. बोल, तू काहीही बोल मला… हसतोस काय मेल्या!… बरं, दे तिला.

कालिंदी… आता उद्याचं कसं करायचं?… काय? तू केलास फोन? हॉस्पिटलला? आधीच?… शनिवार दिला? दिला कसा त्यांनी?… कुणाचं चुकलं म्हणून सांगितलंस?… तुझं?

का गं सांगितलंस तसं?

… बरं. नाही विचारत.

मग मला फोन… एवढ्या कागदासाठी?… हो गं, उद्यापासून परत तीन दिवस पथ्य, कागद तर लागणारच. आधी नाही का सांगायचं!… हो. बोलूच दिलं नाही मी.

मी येते ना घेऊन. अँटॉप हिलहून लालबाग कितीसं लांब, टॅक्सी करते… नको?… फोटो पुरे?… बरं. फोटो पाठवते.

हो, काढतेय पिन… थांब गं, बोटात गेली… हे बघ, पहिल्याच ओळीत लिहिलंय, दाणे नको, बिया नको, साबुदा…

कालिंदी? हॅलो?… ठेवलास?