तिकिटाची मागची बाजू

— नाही हो वकीलसाहेब, असं कसं होईल? परवानगीशिवाय पोलिसांना दुसऱ्याचं बोलणं कोण ऐकू देईल? मुंबईहून गृहखात्याचा कागद सोमवारी आला, मंगळवारी फौजदार इथे एक्स्चेंजमध्ये, माझ्या बोर्डाशेजारी टेप घेऊन बसले. हे रजिस्टर बघा, तारीख माझ्याच अक्षरात आहे. शाई वेगळी दिसते? ओल आहे हो इथे, शाई फुटते — थांबा हं, महाड मागतायत — हं, बोला, महाड लागलं. काय म्हणत होते? हां, तुमचा अशील, सयाजी. ट्रक कशेडी घाटात पकडला तेव्हा आत चोरून तोडलेला खैर होताच ना? टेपने काही तो भरला नाही.

खटला उभा राहण्याआधीच तुम्ही अर्ज देणार, कोर्टाने ती टेप ऐकूच नये म्हणून — कळलं मला. ट्रक दुसऱ्याच्या नावावर, सयाजी त्यात नव्हता, आवाज तेवढा त्याचा. टेप गेली की सुटला. आणि आवाज त्याचाच आहे, तो नुसता खाकरला तरी मी ओळखते. तीन वर्षं रोज सकाळी दहाला — "आनंदीबाई, चिपळूण द्या ना, तुमच्याशिवाय आमचं आहे कोण?" एकदा करवंदं पाठवली होती, पळसाच्या द्रोणातून. म्हणजे तसं काही नाही. ऑपरेटरशी सगळेच गोड बोलतात.

मग चिपळूणच्या बोर्डावर ती नीला आली. मी पाहिलेली नाही तिला, आवाजच ऐकलाय — प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसते. आधी लाइन लागेपर्यंत तो माझ्याशी बोलायचा. आता म्हणे, "तुम्ही सोडा बाई, नीलाताई बघतील." आठवड्याभरात ताई गेली, नुसती नीला राहिली! पलीकडचा नंबर एंगेज असला तरी यांचं चालूच. मी ऐकत नव्हते. बोर्डाची कळ उघडी राहिली की कानात येतंच, त्याला मी काय करू? एकदा साडेनऊ मिनिटं. तीन मिनिटं झाली, हे मी सांगायचं आणि तिने हसायचं!

फौजदारांना कुणी सांगितलं? मला काय ठाऊक. त्यांची माणसं असतात. मंगळवारच्या फोनवर लाकडाचं ठरणार, हे त्यांना — बरं, मीच सांगितलं. त्यांनी विचारलंही नव्हतं. लगेच टेप घेऊन आले. म्हणाले, कागद मागाहून येतोय, तुम्ही सोमवारची तारीख टाका. गुरुवारी आला कागद. मी टाकली सोमवारची. मला वाटलं, चार दिवस आत बसला तर चिपळूणला फोन तरी होणार नाही. इतकंच. बेड्या नव्हत्या हो माझ्या मनात.

काय? नीला साक्ष देणार? ती महाडला येणार, कोर्टात? काय सांगणार ती — लाइनवर तिसऱ्या माणसाचा श्वास ऐकू आला? एवढंच? आणि एवढ्यावर तिनेच सोडवला म्हणायचं? फौजदारांकडे कागद आहे की नाही, हे तिला तिथून दिसलं होतं का? नव्हतं दिसलं ना? इथे मी बसले होते, साहेब, मी!

हे घ्या. मंगळवारचं ट्रंक कॉलचं तिकीट, कॉलची नोंद करायची चिठ्ठी. लाइनवर तिसरा माणूस असला की मी मागे लिहून ठेवते, उद्या तक्रार माझ्या अंगावर नको म्हणून. फौजदारांनी मागितलं होतं, मी फाटलं म्हणून सांगितलं. उलटं करा. वाचा — 'पोलीस हजर, कागद नाही.' वेळ, सही. नोकरी जाईल, ते माझं मी बघीन. साक्षीला मला बोलवा, तिला नको. आणि सयाजीला सांगा, हे कुणी दिलं. नाव घेऊन सांगा, आनंदीबाईंनी. तो माझ्याबद्दल काही — काहीच नाही विचारलं? एकदाही?

थांबा, चिपळूण आलं. तीच.

हॅलो. हो, मीच. ... वकील? नाही बाई, इथे कुणी वकील आलेले नाहीत. ... नाही, तुमच्यासाठी काही निरोप नाही.

तिकीट खिशात घाला आधी. जा तुम्ही.