हवेचं पिस्तूल

वर्ध्याच्या दवाखान्यात, डोळ्यांच्या खोलीबाहेर, वडनेरच्या हरिभाऊंच्या बायकोला, रुख्माबाईंना, शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं.

“मालकाले काय झालं, बाई?”

“पोपट जवारी खाऊन राह्यले होते. हवेच्या पिस्तुलाचा जोर वाढवाले त्यायनं घरच्या घरी सायकलच्या पंपाचं वायसर बसवलं.”

“मंग?”

“पंप मारू मारू हवा भरली. नेम धरला, अन् मागचं बूच उडून उजव्या डोळ्यात घुसलं.”

“डाक्तर काय म्हणते?”

“डोळा काढा लागते म्हणते.”

“रडू नोको, बाई. डावा तं हाये ना?”

“लहानपणी देवी आल्या, तवाच तो गेला. म्हणून तं सारं गाव हासून म्हणे, हरिभाऊले नेम धराले डोळा मिटा लागत नाई.”