आबांच्या म्हशीचं लाल पाणी

हल्ली माझा मूड बरा असतो म्हणता ना? आमच्या हिच्या मते ती दोन पावडरींची करामत आहे.

शाळेतून रिटायर झाल्यावर माझी चिडचिड वाढली, तेव्हा हिनं त्या मागवल्या. एक बिटाची, एक सिट्रुलिनची. "अहो, दोन्हींनी शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढतं. चढावर दम टिकतो, मूडही सुधारतो." रोज सकाळी ही त्या दोन्ही पावडरी पाण्यात कालवून लाल पाण्याची बाटली हातात द्यायची आणि मी लोणावळ्याहून कुरवंड्याकडे चालायला निघायचो.

एकदा चढावरच डोळ्यांपुढे अंधारी आली. कुरवंड्यातल्या ओळखीच्या आबांच्या ओट्यावर बसून डॉक्टरांना फोन लावला. ते ओरडलेच, "बीपीच्या गोळीवर हे दोन्ही? प्रेशर पार उतरेल! आधी बंद करा."

बंद केलं. पण घरी सांगितलं असतं तर माझं डोंगरात फिरणंही बंद झालं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी आबांच्या परड्यात बाटली ओतायला गेलो. आबा धार काढायच्या तयारीत होते. "मास्तर, वाया कशाला घालवताय? आना हिकडं." त्यांनी ती म्हशीच्या आंबोणात, धारेच्या वेळी द्यायच्या भिजवलेल्या पेंडीत, रिकामी केली.

तेव्हापासून रोज तेच. म्हैस आंबोण खाते, आम्ही दोघं चहा पीत गप्पा मारतो, मी हसत घरी येतो आणि ही पावडरींवर खूश.

काल म्हटलं, "आबा, आता घरी खरं सांगून टाकतो."

आबा दचकलेच. "आवो मास्तर, आसलं काय करू नगा! त्या लाल पान्याबिगर म्हस आता पान्हा सोडत न्हाई!"