धुक्यातून वर आलेला धूर

ताई : तरी मी म्हणत होते, आधी घरी जाऊ. आईला भेटू, तोंड धुऊ, मग निवांत वर येऊ. पण तू ऐकशील तर शपथ!

धाकटा : घरी गेलो असतो तर धुकं गेलं असतं. ऊन चढलं की खेळ खलास. तूच म्हणायचीस ना फोनवर, पुन्हा एकदा धुकं दाखव म्हणून?

ताई : म्हणायचे. पण रात्रभर बसमध्ये माझ्या कमरेचा पार खुळखुळा झालाय, आणि तू मला पिशव्यांसकट थेट टेकडीवर आणलंस. मी येतेय हे आईला सांगितलंयस ना?

धाकटा : हो. म्हणजे... हो.

ताई : कानाशी जाऊन? मोठ्यानं? नाहीतर ती नुसती मान हलवते आणि आपल्याला वाटतं, कळलं.

धाकटा : सांगितलंय गं.

चहावाली : घ्या, गरम आहे तोवर घ्या. कठड्यावर नका ठेवू, कलंडतो कप. अगं बाई! खालच्या घरातली थोरली ना तू? शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचे मी. तुझ्या वेण्या ओढायचे.

ताई : तू होय ती! आता सापडलीस. इथे कधी टपरी टाकलीस?

चहावाली : हे धुक्याचं खूळ निघालं तेव्हा. आपण इथे लाकडं वेचायला यायचो, तेव्हा धुक्याकडे कुत्रं बघत नव्हतं. आता माणसं गाड्या करून येतात आणि त्याच्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढतात. चालायचं. माझा चहा खपतो.

ताई : अय्या, बाळ्या, ते बघ! तो शेंडा आपल्या विहिरीवरच्या झाडाचा. बाकी सगळं बुडालं. खाली आपलं घर आहे हे कुणाला सांगून खरं वाटेल का? आणि धूर! धूर दिसतोय तुला?

धाकटा : हं.

ताई : आई उठली. हो ना?

धाकटा : आईच असणार.

ताई : ओला पाला घातला बघ तिनं चुलीत. आठवतं? आपण दोघं वर असलो की मुद्दाम घालायची. धुक्यातून धूर वर आला की समजायचं, जेवण तयार आहे, उतरा खाली. कान गेले तिचे, पण हे नाही विसरली. माझ्यासाठी घातलाय रे. मला तर रडूच येतंय.

धाकटा : चहा घे ना. निवतोय.

ताई : थांब. धूर झाडाच्या अलीकडून येतोय.

धाकटा : असेल.

ताई : असेल काय? चूल मागच्या पडवीत, झाडाच्या पलीकडे. अलीकडे तर अंगण. आई अंगणात जाळ करेल? बाबांना विडीची राख झटकू दिली नाही तिनं तिथे.

धाकटा : वाऱ्यानं आला असेल इकडे.

ताई : वारा कुठाय? सरळ चाललाय वर.

चहावाली : अगं, ते पाहुणे असतील. त्यांची शेकोटी सकाळपर्यंत धुमसत असते. काय रे, परवाच तू नवी पाटी लावलीस ना फाट्यावर?

धाकटा : अक्का, तुझं दूध बघ जरा.

चहावाली : मी आपली काही बोललेच नाही. चालले बाई, दूध उतू जातंय.

(चहावाली टपरीत जाते.)

ताई : कसले पाहुणे, बाळ्या?

धाकटा : घर भाड्यानं देतो. धुकं बघायला येतात त्यांना.

ताई : आणि आई?

धाकटा : बरी आहे.

ताई : कुठे बरी आहे?

धाकटा : शहरात. वृद्धाश्रमात. चांगला आहे गं, नर्स असते. इथे एकटी होती, विहिरीपाशी पडली. माझ्या शहरातल्या दोन खोल्यांत कुठे ठेवणार होतो? मी आज तुला सांगणारच होतो. म्हणून तर आधी इथे आणलं.

ताई : कधीपासून?

धाकटा : उन्हाळ्यापासून.

ताई : उन्हाळ्यापासून मी दर रविवारी फोन करतेय. आई अंगणात बसलीय, आई जेवली, आई तुझी आठवण काढते...

धाकटा : आठवण काढते हे खरं आहे.

ताई : गप्प बस! मला विचारलं का नाहीस? मी नेली असती तिला.

धाकटा : म्हणूनच नाही विचारलं. तू नेली असतीस आणि सगळे म्हणाले असते, मुलाला आई जड झाली. आता गावात सांगतो, उपचाराला ठेवलीय.

ताई : आणि ती आश्रमात जायला तयार झाली? बाबा गेले तेव्हा मी हातापाया पडले, तरी उंबरा सोडला नाही तिनं. तुझ्या सांगण्यावरून गेली?

धाकटा : माझं नव्हतीच ऐकत.

ताई : मग?

धाकटा : मी म्हटलं... ताईनं ठरवलंय.

ताई : काय?

धाकटा : ताई म्हणते, थोडे दिवस तिथे राहा, मग मी न्यायला येते. तुझं नाव घेतलं आणि उठली गं ती. स्वतःच बॅग भरली.

ताई : केसानं गळा कापलास रे. ही टेकडी तुला पाठुंगळीला घेऊन चढलेय मी. आणि आत्ता, आत्तासुद्धा, धूर बघून मी विचारलं तर म्हणालास, आईच असणार.

धाकटा : तुझा चेहरा बघून नाही म्हणवेना.

ताई : ती काय म्हणते माझ्याबद्दल?

धाकटा : राहू दे ना.

ताई : काय म्हणते?

धाकटा : काही नाही. बॅग रिकामी करत नाही. लागतील ते कपडे काढते, धुतले की परत भरते. मी गेलो की विचारते, ताई कधी येणार म्हणाली? मी सांगतो, पुढच्या महिन्यात.

ताई : बघ, विरलं धुकं. निळे तंबू आहेत अंगणात. उचल पिशव्या.

धाकटा : घरी जायचं?

ताई : तिथे कोण आहे माझं? शहरात चल.

धाकटा : ताई, तिच्यासमोर मला...

ताई : मी काही बोलणार नाही. ती विचारेल, इतका उशीर का केलास. माझी उत्तरं तूच देत आलायस ना? आजही तूच दे. कानाशी वाकून, मोठ्यानं. फक्त या वेळी मलाही ऐकू आलं पाहिजे.