चतुराबाईची विहीर अन् कोरी बाटली

…अन् वरून म्हणतात, बन्सी, अत्तर लावून येऊ नको! अहो, पन्नाशीचा माणूस मी, लग्नाला चाललोय का? चितेगावला विहिरीच्या पाण्याचे नमुने आणायला चाललोय! पण आमच्या चिकलठाण्याच्या लॅबचे साहेब, तात्यासाहेब, त्यांचं रोजचं पुराण… "अत्तर नको, सकाळी पंपावर जाऊ नको, स्कूटरला हात लागला की हातमोजे बदल. पाण्यातलं पेट्रोल शोधायचंय, तुझ्या अंगावरचं नाही!" बरं साहेब, म्हटलं. साहेबाला नाय कसं म्हणणार?

तर तुम्हाला सांगतो, तिथल्या एका पंपाची जमिनीतली टाकी गळली, अन् पेट्रोल झिरपत झिरपत गेलं ते थेट चतुराबाईच्या विहिरीत. पाणी शेंदलं की असा वास… तिची म्हैस विहिरीकडं बघून शिंकायची! खोटं वाटतं? शिंकायची! टाकी बदलली, पण विहिरीला लाल पट्टा मारला, पाणी बंद. पट्टा कधी निघणार? तर दर तीन महिन्यांनी एक, असे लागोपाठ तीन रिपोर्ट चोख आले की. तोवर बाईनं साठीत हंडा घेऊन टँकरमागं पळायचं, स्वतःच्या विहिरीला वळसा घालून!

दोन रिपोर्ट चोख आले. राहिला तिसरा. मे महिना, डोकं तापलेलं… नळी अशी सोडायची की पाण्याला पत्ता लागू नये. बाटली काठोकाठ भरायची, झाकण लावायचं, उलटी करायची, टिचकी मारायची. मुगाएवढा बुडबुडा दिसला? ओता! त्या बुडबुड्यात पेट्रोल पळून जातं म्हणे. नऊ वेळा ओतली! काठावरून चतुराबाई, "अवो बन्सीभाऊ, इतकं जपून तर मी नातवाला न्हाऊ घातलं नाय!"

भरल्या एकदाच्या. पेटीत बर्फावर ठेवल्या. शेजारी कोरी बाटली. ही काय भानगड? तर लॅबचंच स्वच्छ पाणी, बंद करून विहिरीवर न्यायचं अन् न उघडता परत आणायचं. वाटेत पेट्रोलची हवा लागली तर तिच्यात कळतं. मला विचाराल तर फुकटची सहल!

निघालो, तर बाई पदर खोचून हजर. "भाऊ, वानोळा घेऊन जा शेतातला." वांगी, मिरच्या, वरून ताकाची बरणी. "ताक उन्हानं नासंल, बर्फात ठेवा." मावशी, पेटीत जागा नाय, म्हटलं. तिचं तोंड एवढंसं झालं. "व्हय, विहीर नासली, आता आमचे हातबी नासले."

आता तुम्हीच सांगा, नाय कसं म्हणणार? भरलेल्या बाटल्या हलवायची छाती नव्हती, कोरी तेवढी उचलली अन् टाकली स्कूटरच्या डिक्कीत. तिथं शेजारी अडीअडचणीची अर्धा लिटर पेट्रोलची बाटली, लाकडी बुचाची. त्यात पैठण रोडचे खड्डे…

चार दिवसांनी तात्यासाहेबांनी बोलावलं. "बन्सी, विहिरीचं पाणी चोख आहे." म्हटलं, पेढे आणतो! "थांब. आपल्या लॅबच्या पाण्यात पेट्रोल निघालंय! आता बाकीच्या बाटल्यांवर कोण विश्वास ठेवणार? सगळं रद्द. तीन महिन्यांनी पुन्हा."

हे चतुराबाईला सांगायला कोण गेलं? मीच. वानोळ्याचं नाव काढलं नाय, चूक माझी म्हटलं. बाई हंडा उतरवून बघतच राहिली. "म्हंजी माझी विहीर पास अन् तुमच्या हापिसाचं पाणी नापास? मग त्यो लाल पट्टा तिकडं मारा की!" अन् हंडा उचलून निघाली टँकरकडं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं…

तीन महिन्यांनी पुन्हा तीच नळी, तेच बुडबुडे. अन् निघताना पुन्हा पदर खोचून… लाल भोपळा! अख्खा कुठंच बसंना, तर विळ्यानं फोड काढून दिली, बाळाच्या डोक्याएवढी! नाय कसं म्हणणार? पण या खेपेला मी शहाणा. कोरी बाटली पेटीत, भोपळा डिक्कीत!

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. विहीर पास, कोरी बाटली पास. बाईनं विळा घेतला अन् स्वतःच्या हातानं लाल पट्टा खरवडून काढला.

अन् भोपळा? तो तर आणला त्याच संध्याकाळी आमच्या घरी शिजला होता. पहिलाच घास घेतला अन्… काय सांगू… पंपावर पंगतीला बसल्यासारखं वाटलं! बायको समोर वाटी घेऊन, "शेतातला दिसतोय, वासच येगळा! वाढू का अजून?"

वाढ, म्हटलं. नाय कसं म्हणणार?